पिकनिकचा स्वयंपाक

रिसॉर्टच्या दारात एका मुलीने आम्हाला ओळीने उभं केलं, प्रत्येकाच्या कपाळाला गंध लावलं आणि हातात लाल सरबताचा उंच ग्लास दिला.

"वेलकम ड्रिंक," धैर्यशीलभाऊंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "घ्या, कॉम्प्लिमेंटरी हाय. म्हंजे फुकट."

दगडूअप्पांनी ग्लासात वाकून बघितलं. "कोकम हाय की हे. अंगावर पित्त उठलं की आमची म्हातारी द्यायची."

"इथं त्याला वेलकम ड्रिंक म्हंत्यात, अप्पा."

अप्पांनी मान डोलावली आणि औषध घेतात तसं एका दमात ते पिऊन टाकलं.

आम्ही खोडवडी ग्रामपंचायतीचे सात सदस्य. चार दिवसांनी सरपंचाची निवडणूक होती. त्या वेळी सरपंच थेट गावाच्या मतांनी होत नसे, सदस्यच त्याला निवडत. म्हणून आमचे पॅनलप्रमुख रंगराव नाना माळी यांनी आम्हाला दोन जीपमध्ये घालून इथे समुद्राकाठी आणून ठेवलं होतं. विरोधी गटाचे पांडूतात्या आमच्यातल्या कुणाला फोडतील अशी नानांना धास्ती होती. गावात तोपर्यंत पेपर आला असणार आणि त्यात आम्ही 'अज्ञातस्थळी रवाना' झालेलो असणार. अज्ञातस्थळी मी आयुष्यात पहिल्यांदाच जात होते.

या जाण्याला धैर्यशीलभाऊंनी वाटेत बरीच नावं दिली. ते नानांचे थोरले चिरंजीव, आणि इंग्रजी शब्दांचे फार शौकीन. गावातून निघताना ती साधी पिकनिक होती. कऱ्हाड ओलांडल्यावर तिची ट्रिप झाली, आंबा घाटात टूर झाली आणि समुद्र दिसल्यावर एन्जॉयमेंट. निघतानाच आमचे सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करून घेतले होते. त्याला मात्र इंग्रजी शब्द नव्हता.

सगळे आत गेल्यावर मागच्या जीपमधून नानांची सून उतरली. वैजयंता तिचं नाव, धैर्यशीलभाऊंची बायको. ती आमच्यासारखीच निवडून आलेली सदस्य होती, आणि ठरल्याप्रमाणे चार दिवसांनी सरपंचही तीच होणार होती. तिच्या एका हातात पिठाचा डबा होता, दुसऱ्या हातात तवा. गंध लावणारी मुलगी तोवर निघून गेली होती.

सरपंचपद त्या वेळी इतर मागासवर्गीय महिलेसाठी राखीव निघालं होतं. अकरा सदस्यांत त्यात बसणाऱ्या आम्ही दोघीच, वैजयंता आणि मी, शकुंतला माळवदे, धंद्याने शिंपीण. दोघीही नानांच्याच पॅनलच्या. तात्यांकडे ते स्वतः धरून चार सदस्य होते, पण खुर्चीवर बसवायला बाई नव्हती. त्यामुळे त्यांचा डोळा माझ्यावर, आणि म्हणून नानांचाही डोळा माझ्यावर. वीस वर्षं गावातल्या बायकांची झंपरं शिवली, पण इतकी किंमत मला कधी आली नव्हती.

मला सरपंच व्हायचं होतं. हे सरळ सांगते, कारण आपल्याकडे बायका हे बोलताना उगाच समाजसेवा मध्ये आणतात. मला ग्रामपंचायतीच्या त्या फिरत्या खुर्चीत बसायचं होतं. पंधरा ऑगस्टला मास्तरांनी शिट्टी वाजवल्यावर झेंड्याची दोरी मला ओढायची होती. नानांना हे कळत होतं. म्हणून ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "शकूताई, पयली अडीच वर्सं वैजयंताला, म्होरली अडीच तुम्हाला. माझा शबूद." मग पॅनलच्या सगळ्यांना भैरोबाच्या देवळात नेलं आणि पॅनल सोडणार नाही म्हणून एकेकाला बेलभंडारा उचलायला लावला. मीही उचलला. अडीच वर्षं थांबायची माझी तयारी होती.

आमचे मालक म्हणजे शांत गडी. म्हशींना सोडून कसं यायचं म्हणून ते मागे राहिले. "जाऊन ये," एवढंच म्हणाले. "समुद्र बघून ये."

दुपारी बफे होता. बफे म्हणजे आपणच ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. आमच्या भागात अशी रांग दुष्काळी कामावर लागायची, पण तिथे पनीर नसायचं. इथे पनीरच तीन रंगांत होतं. धैर्यशीलभाऊ टेबलाच्या डोक्याशी उभं राहून प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून दाखवत होते. "लाजू नका. काय एन्जॉय करायचं ते करा. अनलिमिटेड हाय."

वैजयंता कुठे दिसेना. मी शोधत मागच्या बाजूला गेले. खोडवडीची होणारी सरपंच रिसॉर्टच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, एका शेगडीपुढे उकिडवी बसून भाकरी थापत होती.

"अगं, तिकडं एवढं मांडून ठेवलंय. ऊठ की."

"मामंजी हाटेलातलं खात न्हाईत," ती म्हणाली. "त्यांचं झालं की येती."

नानांच्या दोन भाकरी झाल्या, वर कांद्याची चटणी झाली. तेवढ्यात दगडूअप्पा वास घेत आले. "पोरी, माझ्या नावाची एक टाक. ते पांढरं पांढरं चावतच न्हाई." अप्पांच्या मागून आणखी दोघे आले. रात्रीपर्यंत सगळेच आले. दुसऱ्या दिवशी बफेच्या टेबलावर पनीर गार होत बसलं आणि आमचे सन्माननीय सदस्य मागच्या अंगणात ओळीने मांडी घालून बसले. वैजयंता तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकत होती.

"हे एक नंबर झालं," धैर्यशीलभाऊ म्हणाले. "लाइव्ह काउंटर."

बायको उपाशी आहे की जेवली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मलाही खरं तर तेव्हा नीट आलं नव्हतं, कारण मी माझी भाकरी खात होते आणि ती फार चांगली झाली होती.

आम्ही बाकीचे होडीत बसलो, उंटावर बसलो, शहाळी प्यालो. धैर्यशीलभाऊंनी त्याला साइट-सीइंग म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं, की वैजयंताने अजून समुद्रच बघितलेला नाही. तो कुंपणापलीकडेच होता, तिला रात्रंदिवस ऐकू येत असणार. मी नानांकडे गेले. ते झोपाळ्यावर पडले होते.

"नाना, पोरीला जरा समुद्रावर नेऊन आणती."

"न्या की. न्हाई कोण म्हंतंय?" नाना म्हणाले. "फकस्त चारला माघारी आणा. समद्यास्नी च्या लागतो."

वैजयंता पाण्यापाशी गेली, साडी पोटरीपर्यंत धरली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोन मुलं होती. माहेर आणि सासर सोडून ती पहिल्यांदाच कुठे आली होती.

"काकी, तुम्ही धावीपातूर शिकलाय न्हवं?" तिने विचारलं. "इंग्रजीत सहलीला किती शब्द हायत?"

"पुष्कळ असतील. पिकनिक, टूर, ट्रिप. औटिंग बी म्हंत्यात."

"आणि जेवणावळीला?"

"पार्टी, डिनर. गेट-टुगेदर."

"आमच्या घरी समदी झाली," ती म्हणाली. "दिवाळीत गेट-टुगेदर झालं तवा साठ मान्सांच्या पोळ्या केल्या. आमदाराच्या पीएचं डिनर झालं तवा धाकटा तापानं फणफणला हुता, त्याला पाठीशी बांधून मटण शिजवलं. परवा हे म्हनले, पिकनिकला जायचं. मी आधी इचारलं, पीठ किती घिऊ? शबूद कुठला बी असू दे काकी, मला पयलं पीठच दिसतंय."

ती हसत सांगत होती, म्हणून मीही हसले. मग तिने हसणं थांबवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला एक सांगती. त्या अडीच वर्सांच्या भरवशावर ऱ्हाऊ नका."

"म्हंजे?"

"मामंजी ह्यांना म्हनत हुते. एकदा सून खुर्चीत बसली की तिला उठवतंय कोण, शिंपिणीला तवर गप करून ठिवा."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. ती लाटेनेच सरकली होती, पण वेळ अचूक साधली. मला संताप आला. तीन दिवस प्यालेलं शहाळं, होडी, उंट, सगळं अंगावर आलं. मला गप्प ठेवण्याचा तो सगळा खर्च होता.

वैजयंताला माझ्या रागाचं काही दिसत नव्हतं. ती तिच्याच विचारात होती. "काकी, सरपंच झाल्यावर काय काय असतंय?"

"काय असायचंय," मी म्हणाले. "सह्या. ग्रामसभा. झेंडा. तालुक्याचे साहेब येत्यात, आमदार येतोय, लग्नाच्या पत्रिका घिऊन मान्सं येत्यात. कोण ना कोण येतंच."

"येत्यात म्हंजे कुठं? हापिसात?"

"हापिसात कोण बसतंय? सरपंचाच्या घरी."

"आता बी आमच्या घरी येत्यातच की."

"आता पॅनलप्रमुखाकडं येत्यात. मग सरपंचाकडं बी येतील. घर एकच. दुप्पट होतील."

तिने साडी खाली सोडली. काठ भिजला तरी तिकडे लक्ष नव्हतं. मग एकदम वळून रिसॉर्टकडे चालू लागली, कारण चार वाजत आले होते.

निवडणुकीच्या दिवशी जीपा आम्हाला घेऊन थेट ग्रामपंचायतीच्या दारात थांबल्या. सकाळी अर्ज भरायचे, दुपारी मतदान. तालुक्याहून निवडणुकीचे साहेब आले होते. वैजयंताचा अर्ज नानांनी स्वतः पुढे केला. ती सही करून बाजूला होते न होते, तोच नाना तिला म्हणाले, "आता घरला पळ. साहेबांचं अन् त्यांच्या मान्सांचं जेवाण बघ. मतदानाला ये माघारी."

होणारी सरपंच साहेबांचा स्वयंपाक करायला निघून गेली. ती गेल्यावर मी टेबलाशी जाऊन दुसरा अर्ज मागून घेतला. भैरोबाला मनातल्या मनात सांगितलं, की मी पॅनल सोडत नाही, मी पॅनलचीच उमेदवार आहे, फक्त पॅनलला ते माहीत नाही. तात्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि काही न विचारता सूचक म्हणून पुढे आले.

नाना मला पिंपळाच्या पारावर घेऊन गेले. ओरडले नाहीत. नाना कधीच ओरडत नसत.

"शकूताई, हे काय? अडीच वर्सं तुमचीच हायत की."

"मग पयली मला द्या," मी म्हणाले. "म्होरली वैजयंताला."

नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. मग बोटांवर हिशेब केला. तात्यांचे चार आणि मी एक, पाच. नानांकडे अजून सहा. "हरशीला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माझी काळजीच होती.

ते मलाही दिसत होतं. मी हरणारच होते. पण झोपाळ्यावर पडल्या पडल्या नानांनी मला शहाळ्यावर विकत घेतलं होतं, ते त्यांना सुखासुखी पचू द्यायचं नव्हतं.

तरीही नाना बेफिकीर राहिले नाहीत. उरलेल्या पाच पुरुषांना त्यांनी पुन्हा देवळात नेलं, पुन्हा बेलभंडारा उचलायला लावला, आणि या वेळी मुलांच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखी कडक शपथ घातली. मग मतदानापर्यंत त्यांना एका खोलीत बसवून दाराशी धैर्यशीलभाऊंना खुर्ची टाकून दिली. लघवीलासुद्धा भाऊ बरोबर जात होते. वैजयंताला शपथ घालायची कुणाला आठवण झाली नाही. ती घरी साहेबांसाठी मसालेभात लावत होती. घरच्या सुनेला शपथ कोण घालतंय, आणि उमेदवाराला तर कोणीच घालत नाही.

दुपारी ती जेवणाचे डबे घेऊन धावत आली तेव्हा बोटांना हळद होती. तात्यांनी गुप्त मतदान मागितलं. आम्ही अकरा जण एकेक करून पडद्याआड जाऊन आलो. साहेबांनी पोटभर मसालेभात खाल्ला होता, त्यांना जांभया येत होत्या. चिठ्ठ्या त्यांनी सावकाश उलगडल्या.

मला सहा पडली, वैजयंताला पाच.

साहेबांनी पुन्हा मोजली. पुन्हा तेच झालं. बाहेर नानांच्या माणसांनी गुलालाची पोती आणून ठेवली होती, ती तात्यांच्या पोरांनी फोडली आणि सगळा गुलाल माझ्या डोक्यावर रिकामा केला. गुलालातून मला पाच पुरुषांची तोंडं दिसत होती. प्रत्येक जण उरलेल्या चौघांकडे बघत होता. नाना एकेकाच्या जवळ जाऊन डोळ्यांत बघत होते आणि प्रत्येक जण भैरोबाचं नाव घेत होता. दगडूअप्पा तर रडायला लागले. वैजयंता डबे गोळा करत होती. साहेबांनी केलेल्या उष्ट्या ताटांचं तिलाच बघायचं होतं.

मी तीन महिने दगडूअप्पांवर संशय घेतला, म्हणजे चांगला संशय. एकदा त्यांचे आडून आडून आभारही मानले. ते चिडले आणि आठवडाभर बोलले नाहीत.

पण बसायला खुर्ची मिळाली होती आणि पंधरा ऑगस्टला दोरीही ओढली. बाकीचा वेळ मात्र मी घरात पातेल्यापुढे होते. सकाळी पत्रिकावाले, दुपारी तालुक्याचे साहेब, संध्याकाळी तात्या आणि त्यांचे तिघे जण. साहेब लोक त्याला 'व्हिजिट' म्हणत आणि तात्या 'सहज आलो' म्हणत. शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं, कारण माणसांना बसायला जागा पुरेना. अर्धी झंपरं तशीच पडून राहिली. चहाच्या पावडरीचा मोठा डबा आणला, तोही पंधरवड्यात संपायचा.

एका दुपारी वैजयंता आली. हातात काही नव्हतं, कडेवर मूल नव्हतं. अंगाने भरली होती, तोंडावर तुकतुकी आली होती. सोप्यातल्या खुर्चीवर बसली आणि पाय वर घेतले.

"च्या पिती," ती म्हणाली. मी दिला. अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाली, "काकी, ते मत माझं हुतं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तुझं? सोताच्या विरोधात?"

"तुम्हीच न्हाई का सांगितलं, मान्सं सरपंचाच्या घरी येत्यात म्हणून. मी म्हनलं, जाऊ देत तुमच्या घरी." तिने आणखी एक घोट घेतला. "मामंजी हरले, तवाधरनं आमच्याकडं काळं कुत्रं बी फिरकत न्हाई. ह्यांची पार्टी बंद, गेट-टुगेदर बंद. मी दुपारची झोपती, काकी. आठ वर्सांत पयल्यांदा."

मला लागलं. कुणीतरी माझी लायकी ओळखली, कुणालातरी माझ्यावर अन्याय झालेला सहन झाला नाही, असं मी तीन महिने समजत होते. इथे सगळा व्यवहार चहाच्या पातेल्याचा निघाला. तिला काहीतरी झोंबणारं बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात जीप थांबली. पंचायत समितीचे चार साहेब उतरले. गटारांची पाहणी.

मी सवयीने उठले, पदर खोचला. वैजयंता खुर्चीत आरामात रेलून माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत ना कीव होती, ना खुनशीपणा. दुसरा कुणी आपलं काम करताना बघताना जसं निवांत वाटतं, तसं तिला वाटत होतं. माझं डोकं फिरलं आणि मी खाली बसले.

"अवं," मी गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "पाच कप च्या टाका. साहेब आल्यात."

हे मी याआधी कधी म्हणाले नव्हते. मालक गोठ्यातून आले, साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बाहेरच्या घागरीवर हात धुतले आणि आत गेले. पहाटे धारेला उठल्यावर स्वतःचा चहा ते स्वतःच करून घेत, त्यामुळे डबे त्यांना ठाऊक होते. आतून पातेलं ठेवल्याचा आवाज आला. साहेब खुर्च्यांच्या कडांवर अवघडून बसले. मालक ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा एक साहेब अर्धवट उठला आणि त्यांच्या हातातून ट्रे घेऊ लागला. दुसरा कप कुणी मागितला नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या नाहीत, गटारांचंच बोलणं झालं, आणि जी मंजुरी चार चहांत मिळाली नव्हती ती एका चहात मिळाली. जीप गेली. मालक कप विसळून पुन्हा गोठ्यात गेले.

वैजयंताचा कप तसाच हातात होता. चहावर साय धरली होती. ती आतल्या दाराकडे बघत होती.

"काकी," तिने हळूच विचारलं, "असं सांगता येतंय?"

"मला बी आत्ताच कळलं."

तिने पाय खाली घेतले. कप जमिनीवर ठेवला आणि पदराने हात पुसले, हात कोरडेच होते तरी.

"हे आधी म्हाईत असतं," ती म्हणाली, "तर माझं मत मीच घेतलं असतं की."